थोरल्याचा टाइमआउट

माझा थोरला पन्नाशीला टेकला, पण हरला की अजून सात वर्षांचा होतो. शुक्रवारी संध्याकाळी तो शिकवतो त्या संघातल्या मुली बास्केटबॉलचा अंतिम सामना एका गुणाने हरल्या, आणि तेव्हापासून त्याने धाकटीशी बोलणं टाकलं आहे. धाकटी म्हणजे माझी धाकटी सून, याच्या भावाची बायको. नुसता गप्प बसला असता तर मी चालवून घेतलं असतं. घराला तेवढीच शांतता. पण हा जेवायला बसताना खुर्ची तिरकी करून घेतो, ती नजरेला पडू नये म्हणून. मिठाची बरणी तिच्या कोपराशी असते, आणि हा आपल्या बायकोला सांगतो, 'तिला म्हणावं, मीठ सरकव.' मग थोरलीने निरोप पोचवायचा, धाकटीने बरणी उचलायची, थोरलीने ती याच्यापुढे ठेवायची. एवढा प्रवास करून ते मीठ अळणी कसं होत नाही याचंच मला नवल वाटतं.

नुसता रुसवा असता तर तोही मी जिरवला असता. पण आज सकाळी दाढी करता करता त्याने आरशातूनच जाहीर केलं, की संध्याकाळी स्पर्धेची समिती बसणार आहे आणि तिथे तो धाकटीविरुद्ध तक्रार करणार आहे. कारण त्या सामन्याची पंच ती होती. त्याचं म्हणणं असं, की शेवटच्या क्षणी त्याने टाइमआउट मागितला, तिने तो ऐकला, आणि घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं लोक म्हणतील या भीतीने मुद्दाम सोडून दिला. तक्रार मान्य झाली तर तिचं पंचाचं कार्ड, म्हणजे शिट्टी वाजवायचा परवानाच, जाणार. पुढच्या महिन्यात ती वरच्या दर्जाच्या परीक्षेला बसणार आहे, तीही गेली. लग्न होऊन आल्यापासून ती बाई उजाडायच्या आत उठून धावायला जाते, ते या एका परीक्षेसाठी.

याच्या बोलण्यातलं अर्धं खरं आहे, तीच तर पंचाईत. तिने ऐकलं होतं. शपथेवर सांगते, ऐकलं होतं.

मी आजवर कधी सामना बघायला गेले नव्हते. माझा सगळा जन्म शिवणाच्या दुकानात गेला. थोरला मुलींना खेळवतो, धाकटी शिट्टी वाजवते, एवढं ठाऊक होतं; कोण कुठे काय करतं याच्याशी मला कर्तव्य नव्हतं, वेळेवर घरी आले की झालं. त्या दोघांची गाठ मैदानात कधी पडतही नसे. एका घरची माणसं समोरासमोर आणत नाहीत, असा त्यांच्याकडे दंडकच आहे. पण शुक्रवारी सकाळी नेमलेल्या पंचबाईंची कंबर धरली. त्या बिछान्यावरून उठेनात, आणि अंतिम सामन्याला चालेल अशा दर्जाचं गावात दुसरं कुणी नव्हतं. समितीने दोन्ही कोचना विचारलं. समोरच्या संघाचा कोच म्हणजे एक जाड भिंगांचा चष्मेवाला. तो म्हणाला, गेल्या वर्षी या बाईंनी मला भर सामन्यातून बाहेर काढलं होतं, वेळ आली तर त्यालाही काढतील, मला चालतील. आमचा थोरला म्हणाला, घरचीच आहे, मला काय अडचण असणार. हे घरी सांगताना तो मिशीत हसत होता. ते हसू मी पाहिलं आणि थोरलीला म्हटलं, चल, आज मीही येते.

एवढं उंच छप्पर मी पहिल्यांदा पाहिलं. खाली पिवळ्या लाकडाची गुळगुळीत जमीन, आरशासारखी. बूट त्यावर असे करकरत होते, की जणू शंभर उंदीर एकदम चिमटीत धरलेत. आणि गलका तर असा, की थोरली माझ्या कानाशी तोंड आणून बोलत होती तरी मला तिचे ओठ वाचावे लागत होते. ती इतकी वर्षं नवऱ्याचे सामने बघत आली आहे, खेळातलं सगळं जाणते. तिने मला टाइमआउट म्हणजे काय ते सांगितलं. पोरी दमल्या, गोंधळल्या, की कोच त्यांना मिनिटभर जवळ बोलावून घेतो आणि दोन शब्द सांगतो, तेवढ्यापुरता खेळ थांबतो. असे थांबे मोजकेच मिळतात. मागायचा मुख्य कोचनेच, दुसऱ्या कुणी नाही. आणि चेंडू आपल्याच मुलीच्या हातात असताना किंवा खेळ आधीच थांबलेला असतानाच. चेंडू हवेत असला, जमिनीवर गडगडत असला, समोरचीच्या हातात असला, तर कोचने गळा फाडला तरी उपयोग नाही. म्हटलं, एवढंच ना, मग पंचाला त्यात अवघड काय आहे?

मग धाकटी आत आली.

ही घरात हाक मारली की हातातलं काम टाकून येणारी बाई. हसताना तोंडावर हात धरते. मी वर पाहिलं की खाली बघते. आणि इथे राखाडी शर्ट, काळी पँट, गळ्यात शिट्टी घालून ती त्या जमिनीवरून चालत मध्यावर गेली, तर मला क्षणभर वाटलं, ही दुसरीच कुणीतरी आहे, आपल्या सुनेचे नाक-डोळे लावून आलेली. चेंडू काखेत घेऊन ती उभी राहिली. दोन्हीकडच्या धिप्पाड पोरी तिच्याहून हातभर उंच, पण त्या बावरून उभ्या होत्या आणि ती त्यांच्याकडे नुसती बघत होती.

खेळ सुरू झाला आणि सगळ्यांचे डोळे चेंडूमागे लागले. माझे लागेनात. चेंडू इकडून तिकडे जातो, त्यात बघायचं काय ते मला कळत नाही. मला सवय माणसाची मान आणि खांदे बघायची. गिऱ्हाईक म्हणतं, मी काही जाड झालेली नाही, मागचंच माप धरा. आणि तोंड ते बोलत असताना खांदा आधीच वर गेलेला असतो. तर मी आमच्या सुनेचे खांदे बघत बसले.

चष्मेवाल्याचा संघ मागे पडत चालला होता. धाकटी धावत होती, तो तिच्या पाठीमागे, पार कडेला. त्या कल्लोळात त्याने काहीतरी म्हटलं. म्हटलं म्हणजे त्याचे ओठ हलले एवढंच मला दिसलं, आवाज माझ्यापर्यंत आलाच नाही. तिने चेंडूवरची नजर न हलवता मान जेमतेम वळवली, चिमणी दाणा टिपताना वळवते तेवढी, आणि शिट्टी वाजली. एका तळव्यावर दुसऱ्या हाताची बोटं उभी टेकवून तिने खूण केली. खेळ जागच्या जागी थिजला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मी थोरलीला विचारलं, हिला मागे डोळे आहेत का? थोरली म्हणाली, आई, तिने तो ऐकण्याआधीच हेरलेला होता. संघ मागे पडला की कोच मागणारच हे तिला ठाऊक असतं, म्हणून ती धावतेच अशी, की तो डोळ्याच्या कोपऱ्यात राहील. आवाज कानावर आला की फक्त बघायचं, ओरडला तोच ना, आणि चेंडू कुणाच्या हातात आहे. हे सगळं एका श्वासात.

दुकानात सहा जणी एकदम हाका मारायच्या. एकीला बटण हवं, एकीची सुई मोडली, दारात गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी सगळ्यांना उत्तर द्यायचे, आणि माझ्यासारखे कान कुणाचे नाहीत या तोऱ्यात मी म्हातारी झाले. पण माझ्या दुकानात कुणी वाऱ्यासारखं धावत नव्हतं, आणि हजार माणसं छपराखाली कोकलत नव्हती.

पुढे आमच्या थोरल्याचा मदतनीस बाकावरून उठून ओरडला, 'टाइमआउट, टाइमआउट.' धाकटीची मान तशीच किंचित वळली, तिने पाहिलं, ओरडणारा मुख्य कोच नव्हे, आणि मान परत चेंडूकडे. तो बिचारा हात वर करून उभाच राहिला, बसमधून उतरायचा थांबा चुकलेल्या माणसासारखा. मग पायऱ्यांवरच्या एका टवाळाने आमच्या थोरल्याचा घोगरा आवाज इतका हुबेहूब काढला, की मीच वळून बघितलं. थोरलीही दचकली. ज्या आवाजाबरोबर ती बाई इतकी वर्षं संसार करते आहे त्याला ती फसली. धाकटी फसली नाही. तिचा खांदासुद्धा हलला नाही. मी थोरलीकडे बघितलं, थोरलीने माझ्याकडे, आणि आम्ही दोघी पुन्हा पुढे बघायला लागलो.

मला सगळ्यात जास्त लागलं ते यानंतरचं. लागलं म्हणजे आत कुठेतरी जाऊन बसलं. थोरल्याने एक टाइमआउट घेतला, आणि तो संपत आला तशी धाकटी चालत त्याच्यापाशी गेली. घरात ती त्याला दादा म्हणते, त्याच्यासमोर मोठ्याने बोलत नाही. तिथे ती ताठ उभी राहून, गलका जरा ओसरला होता म्हणून मलाही ऐकू आलं, म्हणाली, 'सर, आता एकच उरला.' आणि एक बोट दाखवलं. थोरलीने मला सांगितलं, हे दोन्ही कोचना सांगावं लागतं, म्हणजे उरलेला नसताना कुणी चुकून मागू नये. तिने ते चष्मेवाल्यालाही तसंच जाऊन सांगितलं, त्याच सुरात, तेवढंच अंतर ठेवून. पण आमचा थोरला हसला. 'हो हो, माहीत आहे,' असं म्हणून त्याने तिला हात उडवून दाखवला, चहाचा कप घेऊन जा म्हणताना उडवतो तसा. ती हसली नाही. तिने तो हात पाहिलाच नाही, असं मला वाटलं. वळली आणि मध्यावर जाऊन चेंडू काखेत घेऊन एकटी उभी राहिली. दोन्ही संघ आपापल्या कोचभोवती घोळका करून, अख्खी पंचक्रोशी पायऱ्यांवर, आणि त्या एवढ्या जमिनीवर ती कुणाचीच नाही, अशी. देवळात शिरल्यावर होतं तसं माझं झालं. आपोआप आवाज खाली गेला.

शेवट आला तेव्हा आमच्या मुली एका गुणाने मागे होत्या. काही श्वास उरले असतील. चेंडू बास्केटच्या कडीवर आपटून खाली आला आणि त्याच्यावर पाच-सहा पोरी एकदम पडल्या. हात कुणाचे, पाय कुणाचे काही कळेना. त्याच वेळी थोरला ओरडला. आणि काय ओरडला? टाइमआउट नाही. 'धाकटे, थांबव!' असं ओरडला. माडीवरून हाक मारतो तशी. मी ती हाक स्वच्छ ऐकली, कारण ती माझ्या घरातली हाक होती. आमच्याकडे ती हाक आली की धाकटी कणकेचे हात तसेच घेऊन दारात येते. मला वाटलं, आता ही थांबवणार. खरं सांगते, मला तशी आशाच होती. मी पोराची आई आहे.

तिने थांबवलं नाही. मी तिच्या मानेकडेच बघत होते. हाक कानात शिरली तेव्हा मानेतली शीर ताठ झाली, ते मी पाहिलं. पण चेंडू कुणाच्याच हातात नव्हता, आणि तिची नजर त्या ढिगाऱ्यातून हलली नाही. माझं मन म्हणालं, ही मुलगी निर्दयी आहे. मग त्या ढिगाऱ्यातून आमच्याच संघातली एक, तिला सगळ्या शिडी म्हणतात इतकी ती उंच आहे, चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी धरून उठली. आणि त्याच निमिषात धाकटीने थोरल्याकडे पाहिलं.

पाहिलं म्हणजे चिमणीसारखं टिपून नाही. सरळ पाहिलं. शिट्टी दातांत, हात अर्धा वर आलेला. चेंडू आता तुझ्या मुलीच्या हातात आहे, माग. ती एवढं उघड म्हणत होती, निदान मला तरी उघड दिसलं. हजार माणसं शिडीकडे बघत होती. शिडी घड्याळाकडे बघत होती. आणि आमचा थोरला दोन्ही हात डोक्याला लावून, मैदानाकडे पाठ करून, आपल्या मदतनीसावर ओरडत होता, की बघितलंस, ऐकूनही देत नाही.

तिचा हात खाली आला. शिडीने चेंडू फेकला, तो कडीला लागून बाहेर गेला, आणि भोंगा वाजला.

तिथून मी मान खाली घालून घरी आले. थोरलीला वाटलं, मला हरल्याचं दुःख झालंय. दुःख होतंच, पण डोळ्यांसमोरून तो अर्धा वर आलेला हात जाईना. एवढ्या धुमश्चक्रीत, स्वतःच्या घरच्या हाकेने मानेची शीर उठलेली असताना, तिने आधी चेंडू पाहिला, आणि ज्या क्षणी देता आलं असतं त्या क्षणी मागणाऱ्याकडे वळून बघितलं. असं कान आणि डोळे वेगवेगळे ठेवायचं आणि काळीज तिसरीकडे, हे कुणाला शिकवता येत असेल असं मला वाटत नाही. मी हातात कात्री घेऊन एवढी वर्षं काढली. रेशमावर पहिला काप घालताना अजून माझा श्वास अडतो. हिचा अडला नव्हता.

काल मी तिला एकटीला गाठलं. म्हटलं, त्याला सांगून टाक ना, तू बघितलं होतंस म्हणून. ती कपडे दोरीवर टाकत होती. म्हणाली, 'आई, सामन्याबद्दल बोलायचं ते समितीसमोर. घरात नाही.' म्हटलं, अगं पण तुझं कार्ड जाईल. तिने माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखी खाली नाही, सरळ, आणि पुढचा कपडा झटकला. मीच खाली बघितलं. असं या घरात पहिल्यांदा झालं.

आज जेवणं झाल्यावर थोरला बाहेरच्या खोलीत बुटांचे बंद बांधत होता. समितीकडे लवकर पोचून कुणाकुणाच्या कानावर आधी घालायचं होतं त्याला. थोरली दाराशी उभी. धाकटी कोपऱ्यात घड्या घालत बसली होती, खोलीत नसल्यासारखी. मी येऊन त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. त्याला वास आलाच. म्हणाला, आई, तू यात पडू नकोस, तुला खेळातलं काही कळत नाही. मी म्हटलं, नाहीच कळत. मग मी विचारलं, टाइमआउट मागताना तू काय शब्द वापरलास? तो म्हणाला, जो वापरतात तोच. मी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, 'तुम्ही धाकटे म्हणालात.' बुटाचा बंद त्याच्या हातातून सुटला. मग म्हणाला, घाईत तोंडातून गेलं असेल, पण तिला कळायला नको का? कळलं होतं तिला, आई. ऐकून सोडून दिलं.

कोपऱ्यात धाकटीचे हात थांबले. ती म्हणाली, 'आई, नको.' मी तिला म्हटलं, तू पंच आहेस, तू गप्प बस; मी पायऱ्यांवर बसलेली बाई आहे, मला कुणाची बंदी नाही. आणि मग थोरल्याकडे वळले.

'तुझी हाक तिने ऐकली. पण तेव्हा चेंडू कुणाचाच नव्हता, आणि तू हाक मारलीस ती घरातल्या सुनेला. ती तिथे आलेलीच नव्हती. मग शिडीच्या हातात चेंडू आला, तेव्हा तिने शिट्टी दातांत धरून, हात वर घेऊन तुझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं तिला बघताना. तुझे दोन्ही हात डोक्यावर होते आणि तोंड भिंतीकडे. मागणाराच पाठ फिरवून उभा, तर तिने द्यायचं कुणाला, बाळा? टाइमआउट तुझा होता, तुला मिळत होता, तूच घेतला नाहीस. आता समितीकडे जायचं तर जरूर जा. मी चप्पल घालते, मलाही यायचंय. तुझं सांगून झालं की मी माझं सांगेन. आणि जायचं नसेल तर बूट काढ, त्या पोरीसमोर बस, आणि हा शुक्रवार तुझ्या तोंडाने मिटव.'